सहा नंबर सोडून

३ मार्च, सकाळी साडेदहा
आज धंद्याला वळण लावलं. वडिलांनी चाळीस वर्षं एकाच होलसेलवाल्या काकांकडून माल उचलला. लागतील तेवढे सुटे नंबर, पण पैसे रोख. हा काय धंदा झाला? आज कंपनीचा सेल्समन आला. टाय लावून. शाळेचे काळे बूट, नव्वद दिवस उधार! अट एवढीच की सुटे नंबर नाहीत, अख्खी खोकी घ्यायची. खोक्यात बारा जोड, तीनपासून नऊपर्यंत सगळे नंबर. किमान चाळीस खोकी, म्हणजे ४८० जोड. गेल्या सीझनला आपले २१० गेले होते, असं बायको म्हणाली. तिला क्रेडिट हा विषयच कळत नाही. १ जूनचा चेक सही करून दिला.

संकल्प: मुलीच्या नर्सिंगच्या फीची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही. अ‍ॅडमिशनची शेवटची तारीख २० जून.

६ मार्च
माल आला. दुकान भरलं, माळा भरला. उरलेली खोकी मुलीच्या खोलीत. खिडकी झाकली गेली, त्यामुळे ती भर दुपारी दिवा लावून अभ्यास करते. मी म्हटलं, अगं तुझ्या फीचेच बूट आहेत हे. हसली. एवढ्या बुटांखाली बसून पास होणारी मी पहिलीच असेन बाबा, म्हणाली. गुणी पोर आहे.

२१ मार्च
काका आले होते. सुटा माल हवा का विचारायला. मी म्हटलं, फुकट मिळतंय तर रोख कोण देणार? त्यांनी खोक्यांकडे बघितलं. शाळा कधी उघडतात, म्हणाले. १५ जूनला. आणि चेक कधीचा? १ जूनचा. मग चहा अर्धाच ठेवून उठले. वय झालंय बिचाऱ्यांचं, बोलता बोलता मुद्दा विसरतात.

१२ एप्रिल
विक्री: दोन जोड. त्यातला एक मेहुण्याला. (उधार.)
काळजीचं कारण नाही. सीझन यायचाय.

१७ मे, दुपारी
बँकेत पासबुक भरायला गेलो तेव्हा लक्षात आलं की चेक शाळेच्या दोन आठवडे आधी लागतो. यंदा जून जरा लवकरच आलाय.
तोडगा: सेल लावायचा. तीस टक्के सूट, फक्त रोख. बायकोने हिशोब केला, म्हणाली प्रत्येक जोडामागे आपल्याच खिशातून जाताहेत. खोट काढायची सवयच आहे.

२६ मे
सेल जोरात! पाच, सहा, सात नंबर साफ. सहाचा तर एकही जोड उरला नाही. लोक तीन, चार, आठ, नऊ नको म्हणतात, पण ते त्यांचं अज्ञान.
जमा: चेकच्या एक तृतीयांश.

३० मे
सेल्समनला फोन केला. देवमाणूस! चेक महिनाभर पुढे ढकलतो म्हणाला, पण निम्मी रक्कम आत्ता आणि आणखी वीस खोकी घ्यायची. घेतली. एकतर मुदत मिळाली, शिवाय नव्या खोक्यांत सहा नंबर येणारच. खोक्याला दोन.
निम्म्याला थोडे कमी पडत होते. एफडी मोडली. मोडली म्हणजे तात्पुरती. २० जूनच्या आत परत ठेवायचीय. घरी सांगितलं नाही, उगाच काळजी करत बसतील.

१५ जून, सकाळी नऊ
शाळा उघडल्या. दुकानाबाहेर रांग! आयुष्यात पहिल्यांदा.

१५ जून, सकाळी अकरा
सहा संपले.

१६ जून
दिवसभर एकच वाक्य: सहा सोडून सगळे आहेत. मी प्रत्येक आईला समजावतो, आठ घ्या, पुढे कागद कोंबा, पोराचा पाय काय, वाढेलच. एक बाई म्हणाली, तोवर पोरगा पडेल. काकांना फोन केला, सुटे सहा आहेत का? आहेत, पण रोख. कालचा गल्ला चेकसाठी बँकेत भरला होता, उरलेल्याचं लाइटबिल. पुढच्या चौकातल्या दुकानात गर्दी दिसली. तो काकांकडूनच घेतो.

१९ जून
एफडीचं सांगितलं. मी आधी बरीच प्रस्तावना केली. क्रेडिट, कॅश फ्लो वगैरे. बायको उठून आत गेली. मुलीने विचारलं, सगळीच मोडलीत? मी म्हटलं, तुकड्यात मोडता येत नाही, बँकेचा नियम आहे, उरलेले नव्या खोक्यांत गेले. पुढच्या वर्षी नक्की. ती बरं म्हणाली. तिने रडायला हवं होतं. म्हणजे मला काहीतरी बोलता आलं असतं.

२ जुलै
चेक परत आला. सेल्समनही आला, पण टाय नव्हता. मी म्हटलं, माल घेऊन जा. नंबर फुटलेला, म्हणजे खोक्यातले मधले नंबर विकले गेलेला माल कंपनी परत घेत नाही, म्हणाला. ३६२ जोड. दुकानावर केस करतील. वडिलांचा फोटो भिंतीवर आहे. आज तिकडे बघितलं नाही.

६ जुलै, सकाळी सात
मुलीला नोकरी लागली. मोठ्या हॉस्पिटलात, बिलिंग काउंटरवर. हॉस्पिटल म्हणजे जवळपास नर्सिंगच की. असं मी म्हटलं. बायकोने डबा भरायला घेतला.

आज पहिला दिवस. युनिफॉर्ममध्ये काळे बूट सक्तीचे. तिचा पाय सहा नंबर. घरात, माळ्यावर, दुकानात सगळी खोकी उघडून बघितली, तासभर. मग मी आठ नंबर काढून दिला आणि सवयीने म्हणालो, पुढे कागद कोंब, पाय काय, वाढेलच. माझा पाय आता वाढायचा नाही बाबा, म्हणाली. रागाने नाही. लेस बांधता बांधता.

घरात रद्दी नव्हती, गेल्याच आठवड्यात विकली. या वहीत मागे पुढच्या सीझनच्या प्लॅनिंगसाठी कोरी पानं राखून ठेवली होती. ती फाडून दिली. डाव्या बुटाला चार लागली, उजव्याला पाच.