माझ्या पगाराचे रुपये

माले, मालदीव

ती. आप्पांना बिभीषणचा पाया पडून नमस्कार.

माझी तब्येत चांगली आहे. आईचा खोकला थांबला का?

तुम्ही फोन स्पीकरवर लावता आणि सारी गल्ली ऐकते, म्हणून हे लिहितो. माझ्या पगाराचे रुपये करून तुम्ही आपल्या प्रांजलीच्या होणाऱ्या सासऱ्यांना कारचा शब्द दिलात. पण हा देश लहान आहे, सगळं जहाजानं येतं. आपल्याकडचा कांदाच इथं सफरचंदाच्या भावानं मिळतो. तिकडं ज्यात घर चालतं, त्यात इथं माझं एकट्याचं भागत नाही. केससुद्धा आम्ही खोलीतले एकमेकांचे कापतो.

शब्द मागं घ्या, असं तुम्हाला सांगवत नाही, आणि कार माझ्यानं होणार नाही. तुम्हीच सांगा, मी काय करू?

आईला मात्र बरं चाललंय असंच सांगा.

तुमचा,
बिभीषण