दोन दारं आणि मधली पंधरा पावलं

तीर्थरूप आक्कास, डोंगरावरून धाकट्या मोत्लात्सीचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? खाली मासेरू शहरात थंडी कमी असली तरी ब्लँकेट पांघरत जा. (इथे परवा बर्फ पडलं. मेंढ्या आमच्याआधी आडोशाला गेल्या.) माझ्या तब्येतीचं विचारशील, तर ती सध्या दवाखान्याच्या दोन दारांत वाटलेली आहे आणि त्यामुळे माझं डोकं तापलेलं आहे.

खाणीतून आणलेला खोकला क्षयाचा निघाला, हे तुला ठाऊकच आहे. पाठोपाठ रक्तात एचआयव्ही निघाला. (आता खाली बस आणि पुढचं वाच.) हे दोघे माझ्या देहात गुण्यागोविंदानं नांदतात, पण दवाखान्यात त्यांची बोलचाल नाही. क्षयाचं दार डावीकडे, सोमवारी उघडं. एचआयव्हीचं उजवीकडे, गुरुवारी. मी घोड्यावरून तीन तास जातो. गुरुवारी खोकलो, तर उजवीकडच्या कारकुनानं अंगणात काढलं, म्हणे खोकला डावीकडचा, सोमवारी या. सोमवारी डावीकडचा म्हणाला, रक्ताचं आमच्याकडे नाही. मग मी काय फुफ्फुसं सोमवारी पाठवू आणि रक्त गुरुवारी?

महिन्यापूर्वी एका गुरुवारी तर कहर झाला. चार पांढऱ्या गाड्यांतून परदेशी पाहुणे आले. दोन्ही आजारांशी आता सगळं जग मिळून लढणार, असा फलक त्यांनी दोन्ही दारांच्या मधोमध बांधला आणि भाषणांसाठी दोन्ही दारं बंद ठेवली. आम्ही रोगी वाऱ्यात उभे. जग कसं एकत्र आलंय, हे एका साहेबानं तासभर सांगितलं आणि मग मला विचारलं, सोय कशी आहे?

मी म्हणालो, "साहेब, जग आलं तसं या दोन दारांनाही एकत्र आणा की. मधे पंधराच पावलं आहेत."

साहेबांनी मान डोलावली, माझा फोटो काढला आणि गाडीत बसले. पण नर्स मालिनेओबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी एकटीनं टेबल ओढत अंगणात आणलं, दोन्ही खोल्यांतली माझी कार्डं शेजारी ठेवली आणि कपाळाला हात लावला. क्षयाची गोळी एचआयव्हीच्या गोळीचा जोर मारते, म्हणून ती दुसरी गोळी दिवसातून दोनदा घ्यायची असते. मी पाच आठवडे एकदाच घेत होतो. एका दाराला दुसऱ्याचं ठाऊकच नव्हतं! बाई माझ्यावर नाही, स्वतःवर चिडल्या. आता दर बुधवारी त्याच टेबलावर दोन्ही औषधं मिळतात. वजन दोन किलो वाढलंय. राग मात्र उतरलेला नाही, आणि तो उतरवायचं औषध मी मागितलेलंही नाही.

भाच्यांना माझ्या वतीनं एकेक पापी आणि एकेक धपाटा.

तुझा,
मोत्लात्सी

ता. क. दवाखान्याचं गाऱ्हाणं सांगायला मी हे पत्र लिहिलंच नाही. माझ्या बायकोला, माकाराबोला, अजून काहीच ठाऊक नाही. तुझ्याच गल्लीत राहते, रोज कपड्यांच्या कारखान्यात जाते, आणि फोनवर मी दोन महिने तिला मेंढ्यांचं सांगतोय. तिचीही तपासणी व्हायला हवी. रविवारी मी येतो. तिला जेवायला बोलाव. बोलेन मीच. तू फक्त तिच्या बाजूला बस, माझ्या नव्हे.

आणखी एक. वरचं पत्र तिला वाचून दाखवू नकोस. ती विचारेल, "साहेबापुढे एवढी चुरूचुरू बोलणारी जीभ माझ्यापुढे कुठं गेली होती?" ते मी रविवारी तिच्याच तोंडून ऐकून घेईन.