बिबट्या आणि बिनखर्चाचे छंद

सिडको, नाशिक
ता. ४ नोव्हेंबर २०२५

चि. निकितास, साधनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या पप्पांचा फोन आला तेव्हा कळलं, वस्तीमागच्या उसात बिबट्या शिरलाय, वनखात्याने पिंजरा लावलाय आणि तुझं पहाटेचं पळणं बंद आहे. तुझा मोबाईलही त्यांनी कपाटात ठेवला म्हणे, बिबट्याचे व्हिडिओ बघून तू घाबरशील म्हणून. असू दे. त्यानिमित्ताने आपण पत्रं लिहू. हा पहिला छंद, खर्च फक्त पाकिटाचा.

घरात बसून कंटाळू नकोस. फुटक्या कपात कोथिंबीर लाव. जुन्या वह्यांच्या कागदाची फुलं कर. फुटलेल्या बांगड्यांचं चित्र चिकटव. ओट्यावर बसून पाखरं ओळख आणि त्यांची यादी ठेव. हात गुंतला की डोकं शांत राहतं. तुझ्या वयाची असताना मीही महिनोन् महिने घरात बसले आहे, तेव्हा हे मला चांगलं ठाऊक आहे.

अंधार पडल्यावर गोठ्याकडे जाऊ नकोस. वहिनीला नमस्कार सांग. उत्तर आलं नाही तर मी रुसेन.

तुझी आत्या,
साधना


विंचूर
ता. ११ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून राग आला, तो आधी लिहून टाकते, कारण मनात ठेवू नये असं तूच म्हणतेस.

आत्या, माझं पोलीस भरतीचं ग्राउंड १२ जानेवारीला आहे. आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत पळायचंय. दिवाळीआधी मी कॅनॉलच्या रस्त्यावर तीन मिनिटं आठ सेकंदांवर आले होते. आता दोन आठवडे झाले, पाय अंगणापलीकडे गेले नाहीत, आणि तू मला बांगड्यांच्या काचा चिकटवायला सांगतेस. तिथल्या मॅडम काय मला कोथिंबीर किती उगवली ते विचारणार आहेत? अंगणातच गोल गोल पळून पाहिलं, तर गाय बुजते आणि आई ओरडते.

तरी तुझा मान राखायचा म्हणून कागदाची चार फुलं केली. पप्पांनी ती टीव्हीवर मांडली आणि आल्यागेल्याला दाखवतात, आमची निकिता किती हौशी आहे बघा म्हणून. दोन वर्षं मी पळतेय, ते त्यांनी कधी कुणाला दाखवलं नाही. मामा आले होते, ते म्हणाले, हेच बरं, मुलीच्या हाताला वळण हवं. ती फुलं मला चुलीत घालावीशी वाटली.

तुझा गुडघा कसा आहे? रागावले तरी काळजी आहेच.

तुझी,
निकिता


सिडको, नाशिक
ता. १९ नोव्हेंबर २०२५

चि. निकितास, अ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस घास गोड लागला नाही. चार जणींना विचारून, वेळ काढून यादी केली आणि तू मलाच धारेवर धरतेस! बिबट्या काय मी सोडलाय उसात? जीव सलामत राहिला तर भरती पुढच्या वर्षीही निघेल.

परवा पप्पांशी बोलले. ते म्हणाले, परिस्थिती अजून तशीच आहे, पोरीच्या हाताला काहीतरी काम दे. म्हणून क्रोशाची सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा पाठवते. आधी साखळी घाल, मग खांब. पहिला रुमाल वाकडाच येतो, माझाही आला होता.

तीन मिनिटं आठ सेकंदांत तुझ्या आत्याचा एक मजला चढून होत नाही, तेव्हा गुडघ्याची चौकशी पुन्हा करू नकोस. भांड, पण लिहीत राहा.

तुझी आत्या,
साधना


विंचूर
ता. २७ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आत्यास, शि. सा. न.

सुई मिळाली. परत पाठवते आहे.

परिस्थिती तशीच आहे, असं पप्पा म्हणाले? आत्या, बिबट्या बारा तारखेलाच पिंजऱ्यात सापडला. अख्खं विंचूर बघायला लोटलं होतं. वनखात्याची गाडी त्याला घेऊन गेली. मागचा ऊसही तुटला, आता ओट्यावरून थेट रस्ता दिसतो. मला वाटलं, तुला हे माहीत आहे आणि तरीही तू सुई पाठवलीस. म्हणून पाच दिवस उत्तर दिलं नाही. आज पत्र पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, तुला कुणी सांगितलंच नाही.

आणि मी घरात बसलेली नाही. पंधरा तारखेपासून आमची कांद्याची लागण चालू आहे. सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत मी वाफ्यात वाकलेली असते. वनरक्षक आले होते ते सगळ्यांना बजावून गेले की बिबट्या उभ्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं. म्हणजे वाकायला मी चालते, ताठ उभी राहून पळायला चालत नाही. पप्पांना हे विचारलं तर म्हणाले, एक गेला, दुसरा येणार नाही कशावरून?

आईने माझं हॉल तिकीट तांदळाच्या डब्यात लपवलंय, नाहीतर तेही कपाटात गेलं असतं. शेहेचाळीस दिवस उरलेत. मला रडू येत नाही, नुसता संताप येतो.

निकिता


सिडको, नाशिक
ता. १ डिसेंबर २०२५

ती. सावळीरामदादास, शि. सा. न. वि. वि.

आजवर तुला रागाने पत्र लिहिलं नव्हतं, हे पहिलं.

बिबट्या बारा तारखेला गेला. त्यानंतर पाच दिवसांनी तू मला फोनवर सांगितलंस की परिस्थिती तशीच आहे, आणि पोरीला घरात बसवायची सुई माझ्याच हातून पाठवलीस. हे मला फार लागलं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा पुरात ओढ्यावरचा पूल वाहून गेला. लासलगावला कॉलेजात जायची वाट बंद झाली. बाबा आणि तू म्हणालात, पूल होईपर्यंत घरी बस. मी बसले. शेजारच्या काकूंकडून क्रोशा शिकले. तोरण करायला घेतलं, सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. दिवाळीनंतर पूल झाला. त्यावरून कांदा गेला, दूध गेलं, तूही रोज गेलास. मला मात्र कुणी म्हटलं नाही की आता जा. मीही विचारलं नाही, कारण तोरण अर्धं राहिलं होतं. तीस वर्षं मी स्वतःला हौशी म्हणवून घेतलं, आणि परवा तोच माल माझ्या भाचीच्या गळ्यात घालत होते. तुझ्याइतकीच मी माझ्यावरही चिडले आहे.

रविवारी सकाळच्या एसटीने येते. निकिताचे बूट, कपडे आणि मोबाईल काढून ठेव. ग्राउंड होईपर्यंत ती माझ्याकडे राहील. आमच्या मागच्या मैदानावर पहाटे दहा-पंधरा मुली पळतात. सेकंद मोजायला मी उभी राहीन. लागणीला एक बाई कमी पडेल, ती मजुरीने लाव.

माझं ते तोरण अजून तुझ्या दारावर आहे. त्याखालून निकिता पिशवी घेऊन बाहेर येईपर्यंत मी तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही, वहिनीने कितीही बोलावलं तरी.

लोभ आहे म्हणूनच एवढं लिहिलं. तो पुढे राहतो का, ते रविवारी ठरेल.

तुझी धाकटी बहीण,
साधना