दारात टांगलेली हेडं

सोम. ५ जाने.

म्हशाची जत्रा आली की गाड्या माझ्याकडे रांग लावतात. जीपमध्ये माणसं कोंबायची, चढावर इंजिन तापलं की ओढ्याचं गार पाणी आणून तसंच ओतायचं, आणि हेड, म्हणजे इंजिनावरचं बिडाचं झाकण, तडकलं की मला विचारायचं, "शेठ, असा कसा झाला?" गरम काचेच्या पेल्यात गार पाणी ओतलं तर घरी बायको दोन शब्द सुनावते. गाडीला बायको नसते, ही खरी अडचण.

आज किसन आला. सिद्धगडाच्या पायथ्याचा, तिथून इथे मुरबाडपर्यंत वडापची जीप चालवतो. इंजिनात पाणी-तेल एक झालेलं. हेड साखळीला टांगलं, हातोडी मारली. चांगलं बिडाचं हेड टणकन वाजतं आणि आवाज बराच वेळ फिरत राहतो. हे वाजलं फुटक्या मडक्यासारखं.

"आधी कुणाकडे केलंस काम?"

"तुमच्याच भावाकडं. शहापूरला. म्हैना पन नाय झाला."

तळ आरशासारखा घासलेला, वर चंदेरी रंग. आत तडा तसाच. गरम पाण्यात बुडवून हवा सोडली, तर दोन व्हॉल्वच्या मधून बुडबुडे. वा, विलासशेठ! मढ्याला पावडर लावायचा धंदा काढलाय.

बुध. ७ जाने.

किसनचं हेड दारावरच्या पाइपला टांगलं. खडूनं लिहिलं, 'शहापूरचं काम'. या हंगामातलं तिसरं. येणारा-जाणारा वाचतो.

बायको, मंगल, म्हणाली, "सख्खा भाऊ हाय तो. जनाची नाय तर मनाची तरी."

मनाची लाज त्यानं ठेवावी, रंगाच्या डब्याला ब्रश लावताना. या घरात मी हेड घासायचो, तो वाजवायचा. आम्हा दोघांना काम शिकवणाऱ्या उस्तादांनी मरताना हातोडी त्याला दिली, मला नाही, कारण कान त्याचा. दोन व्हॉल्वच्या मधला केसाएवढा तडा नुसत्या आवाजावरून सांगायचा. मग हायवेची हवा लागली. माझ्या मशीनला 'भंगार' म्हणाला आणि शहापूरला काचेचं हापिस थाटलं. तेव्हापासून, पाच वर्षं झाली, बोलणं बंद. पाण्याची टेस्ट करत नाही म्हणे. गिऱ्हाइकाला सांगतो, "माझा कान हाय ना!"

कान आहे, पण लक्ष काउंटरवर.

शनि. १० जाने.

रिकामटेकडे वाढले. समोरचा चहावाला नाना गिऱ्हाइकं सोडून येतो, पान्यानं तिन्ही हेडं ठोकतो, आणि लोकांना समजावतो की कुठलं किती खराब. त्याचा स्वतःचा चहा आधी कुणीतरी टेस्टला घालायला हवा.

एक जण फोटो काढून घेऊन गेला. जाऊ दे शहापूरपर्यंत. जावाच.

बुध. १४ जाने. संक्रांत

शोभा आली. विलासची बायको. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, एकटी. मंगलच्या हातावर तीळगूळ ठेवला, माझ्याही. गोड बोला म्हणे. मी म्हटलं, "दारात बघितलंस ना? तेवढंच गोड बोलता येतं मला."

बसली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

"दादा, त्यांना ऐकू येत नाय."

म्हटलं, माझं तर त्याला कधीच ऐकू आलं नाही.

"तसा नाय. ग्राइंडरनं कान गेलं. बोललेलं कळतं, समोर असला तर. बारीक आवाज नाय कळत. फोन मीच घेते. हेड वाजवतात, मान हलवतात, पास बोलतात. डाक्टरकडं चला बोलले तर अंगावर येतात. दादा, कानावरच त्यांचं नाव हाय. लोकांना कळला तर दुकानात कोन येल?"

"मग पाण्याची टेस्ट करायला काय झालं?"

"ती केली तर लोक विचारतील, का करता. आनि त्यांना सोताला पन उत्तर द्यावा लागल ना."

ती हेडं उतरवा, एवढंच मागायला आली होती. मी हो म्हटलं नाही. तिनं जाताना दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

गुरु. १५ जाने.

नाटक. विलासला लहानपणापासून येतं. शाळेला जायचं नसलं की पोट दुखायचं. आता हेडं तडकली म्हणून कान दुखतो. बायकोला पुढे पाठवलं.

मंगलच्या भाजीत मीठ नव्हतं. विचारलं तर, "तुमच्या जिभेवर हाय तेवढा पुरेल."

हेडं तिथेच आहेत.

रवि. १८ जाने.

लिहायला नको वाटतंय, पण

विलास आला. दुकानात किसन, नाना, आणखी दोन ड्रायव्हर. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. मी मशीनवर होतो, बंद केलं नाही. तो दारातच उभा. हेडांवरचा खडू वाचला.

"दादा, ह्या काय लावलंस?"

"वाचता येतं ना?"

डिकीतून हातोडी काढली. उस्तादांची. दांड्याला तेव्हाचीच सुतळी. मी मशीन बंद केलं, ते हातोडी पाहून. किसनचं हेड नीट फिरवून घेतलं त्यानं, एका हातानं साखळी स्थिर केली आणि मारली.

ठप्प.

रस्त्यावरच्या म्हशीलाही कळलं असतं. तो डोळे मिटून, मान कलती करून उभा. पूर्वी असाच उभा राहायचा. आवाज विरेपर्यंत थांबायचा. इथे विरायला काही नव्हतंच. तरी थांबला.

मग डोळे उघडले. "आईक. कसा फिरतोय आवाज! याला तू क्रॅक बोलतोस? चांगल्या मालाला?"

नानाच्या तोंडावर हसू यायला लागलं, माझ्याकडे पाहून थांबलं. सगळे मी काय बोलतो त्याची वाट बघत होते. मला एक वाक्य पुरलं असतं. पाच वर्षं ते वाक्य मी घासून ठेवलं होतं.

विलास माझ्याकडे बघत होता. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.

म्हणालो, "चांगलं आहे. माझंच चुकलं."

"काय? मोठ्यानं बोल."

मोठ्यानं बोललो.

तो हसला. नानाच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीत बसला. मी शिडी आणून तिन्ही हेडं उतरवली. किसन मागे मागे, "शेठ, मंग माझा हेड चांगला हाय का?" त्याला आत नेलं, माझ्याकडचं जुनं, पण धड हेड दिलं आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं. तो ठेवेल. नाना ठेवणार नाही.

मंगळ. २० जाने.

मला वाटलं होतं, नाना गावभर सांगेल की विलासचे कान गेले. गाढव. विलास इतक्या ठामपणे बोलला, आणि मी मोठ्यानं कबूल केलं, म्हणून नानानं स्वतःच्या कानांवरच अविश्वास दाखवला. सांगत फिरतोय, "दादा म्हातारा झाला. कान गेलं त्याचं. भावानं तोंडावर सिद्ध केला."

टोकावड्याचे दोन ट्रॅक्टरवाले कालच शहापूरला गेले. माझ्या दारावरून.

जा. कान नसलेल्याकडे जा, माझ्या सर्टिफिकेटवर. या तालुक्याला हेच शोभतं. राग कुणाचा येतोय तेच कळत नाही. बहुतेक माझाच.

शुक्र. २३ जाने.

शोभाचा फोन. हळू आवाजात. "दादा, तुमी जे केलात त्याचे उपकार. पन आता मुरबाडची पन लोक येतात. किती हेडा पडलीत. ते सगली पास करतात. काय करू?"

म्हटलं, गाडीवर लावायच्या आधी माझ्याकडे पाठव. किसनच्या जीपमधून, पोत्यात घालून. विलासला सांगू नकोस. मी वाजवून, पाण्यात घालून परत पाठवतो. खराब असेल त्यावर काही लिहिणार नाही, तुला फोन करतो.

"आनि मंग मी त्यांना काय सांगू?"

म्हटलं, आधी पोती तर येऊ देत. मंगलनं रात्री भाजी नीट केली.

गुरु. २९ जाने.

किसन शहापूरहून किन्हवलीच्या रस्त्यानं आला. दोन पोती. मागच्या खोलीत नेली, दार लावलं. नानाला बाहेर ठोकाठोक ऐकू जाऊ नये म्हणून मोठी मोटार चालू ठेवणार होतो, मग लक्षात आलं की मलाच ऐकू येणार नाही. एवढी अक्कल.

पहिलं पोतं सोडलं. बरं हेड. तळ सुरेख, मान्य करायला हवं. हात अजून आहे त्याचा.

दुसरं सोडलं. हेडाबरोबर हातोडी. उस्तादांची, सुतळीसकट, नव्या फडक्यात गुंडाळलेली.

शोभाला फोन केला. "हातोडी का पाठवलीस?"

"कुठली हातोडी, दादा? ती त्यांच्या गल्ल्यात असते. मी हात पन नाय लावत."

म्हणजे पोती त्याला माहीत आहेत, आणि स्वतःचा कान गेलेलाही. कधीपासून? मोठ्यानं बोल म्हणाला, तेव्हा त्याला ऐकू आलं नव्हतं म्हणून, की मी खोटं बोललो ते त्याला पुन्हा एकदा

सोड.

त्याच हातोडीनं दोन्ही वाजवली. पहिलं टणकन, छान फिरलं. दुसरं ठप्प. पाण्यातही घातलं, बुडबुडे आले.

आता हे शोभाच्या तोंडून कळवायचं नाही, एवढं नक्की. फोन तो घेत नाही. समोर बसून, एकेक शब्द सावकाश, ओठ नीट हलवून सांगावं लागेल. आणि मला आयुष्यात सावकाश बोलता आलेलं नाही.