बंद दारातून आलेल्या गमती

बाई, तुमची आठवण झाली की मला आधी वाशीच्या त्या बंद दारापलीकडून येणारा तुमचा आवाज ऐकू येतो, वर्ग नंतर आठवतो. सारसोळ्याच्या शाळेत हजेरी झाली की तुम्ही फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक गंमत लिहायचात. माशी पायांनी चव घेते. खेकड्याचे दात त्याच्या पोटात असतात. घरी रोज चिंबोऱ्या साफ करणाऱ्या आम्हा मुलींनाही ते ठाऊक नव्हतं. एकदा मी उठून म्हटलं, "बाई, निवटी मासली हाय, पन पान्याखाली दाबून ठेवली तं मरते." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "तू पाहिलंयस?" एवढंच विचारलंत आणि शाळा सुटल्यावर साडी खोचून माझ्यामागून चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या बघायला खाडीत उतरलात.

अठराव्या वर्षी माझं लग्न झालं. वाशीला दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात जायचा आणि जाताना बाहेरून कुलूप लावायचा. "वस्ती नवीन आहे, कोण कसं असेल सांगता येत नाही," म्हणायचा. सुरुवातीला मला ती काळजी वाटली. पुढे पुढे कुलपाचा आवाज आला की मी आतून दार ओढून बघायचे. खिडकीला गज आणि खाली नुसती भरावाची माती. मी भांडी घासते, पुसते, मांडते आणि दुपार झालेली नसते. बाबा भेटायला आले तेव्हा त्यांना कुलपाचं हळूच सांगितलं. ते म्हणाले, "मारीत तं नाय ना तुला? मंग?"

एका शनिवारी, अर्धी शाळा सुटल्यावर, तुम्ही आलात आणि दाराबाहेरून विचारलंत,

"किल्ली कुठे आहे?"

"यांच्याकडं."

तुम्ही कुलूप हलवून पाहिल्याचा आवाज आला. मग म्हणालात, "पालीला पापण्या नसतात. डोळा साफ करायला ती जिभेने चाटते. घरात पाल असेलच. बघून ठेव, पुढच्या शनिवारी विचारीन." तो आठवडा मी भिंतीकडे बघत काढला. चौथ्या दिवशी पालीने खरंच डोळा चाटला, आणि ते सांगायला घरात कोणी नव्हतं. शनिवारी तुम्हाला सांगताना माझा आवाज इतका चढला की समोरच्या वहिनी दार उघडून बाहेर आल्या. त्यानंतर त्या तुमच्यासाठी स्टूल ठेवू लागल्या. दर शनिवारी एक गंमत, आणि निघताना एकच प्रश्न. "बाहेर यायचंय का तुला?" मी "नको" म्हणायचे. तुम्ही "बरं" म्हणून जिना उतरायचात.

असे दोन महिने गेले. मग एकदा म्हणालात, "आजची गंमत साधीच आहे. कुलूप चांगलं जाडजूड आहे, पण कोयंडा चार स्क्रूंवर आहे आणि चारही बाहेरून दिसतात. त्यांना किल्ली लागत नाही."

"आमच्याकडं स्क्रूड्रायव्हर आहे," वहिनी म्हणाल्या.

"थांबा. तिला सांगू दे."

मी दाराला कपाळ टेकून उभी आहे. पलीकडे तुम्ही दोघी श्वाससुद्धा हळू घेताय. मग मी म्हणते, "काढा."

तुम्ही मला बाबांच्या घरी नेऊन सोडलंत. बाबांनी माझी पिशवी आत ठेवली. पण गाव बोलायचं राहिलं नाही. नवऱ्याकडची माणसं आली, गावातले चार जण निवाड्याला बसले. मला विचारलं, "तू आपल्या मनाने आलीस?" मी खाली बघत म्हटलं, "बाईंनी दार उघडलं." मग सगळं तुमच्यावर गेलं. दुसऱ्याचं घर मोडणारी बाई, असा शाळेकडे अर्ज झाला आणि तुमची बदली झाली. चौकशीला तुम्ही एकट्याच गेलात. तिथेही तुम्ही माझा "काढा" कोणाला सांगितला नाहीत, हे मला वहिनींकडून कळलं; त्यांनी तुम्हाला विचारलं होतं.

मी पुढे शिवण शिकले, स्वतःची खोली घेतली. तुम्ही वारल्याचं कळायला मला वर्ष लागलं. या पत्राला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पेटीत टाकलं असतं का, शंकाच आहे. अजूनही कोणी विचारलं तर मी तेच सांगते, बाईंनी दार उघडलं.