कर्ण्यातला बोळा

प्रिय वेंडेलिन,

हॉटेलची खोली उबदार आहे ना? बडीशेपेचा काढा घे, घसा बरा राहील. राजधानीच्या ऑपेरात आज तू ड्रॅगन गाणार, आपल्या गावात दुसरा विषयच नाही. बेकरीवाली फ्राऊ क्नॉल म्हणाली, "आमच्या अजगरानं शेवटी मोठं बीळ गाठलं हो!"

सोन्यासाठी सख्ख्या भावाला मारून त्या सोन्यावर वेटोळं घालून बसलेला राक्षस. बावीस वर्षं ती भूमिका तू कुणाला तालमीतही गाऊ दिली नाहीस. मी प्रॉम्प्टरच्या खोक्यातून तुला ओळी पुरवल्या, तुझे मोजेही धुतले. मग तू बँकवाल्याच्या मुलीशी लग्न केलंस. ते जाऊ दे, त्याचा राग केव्हाच विझला.

तीन हिवाळ्यांपूर्वी गॅलरीतले लोक हसले होते, आठवतं? ड्रॅगनची शेपटी अडकली म्हणून हसले, असं तुला वाटलं. ते तुझ्या आवाजाला हसले, वेंडेलिन. तुझा खर्ज गेला होता. आपल्या थिएटरचे संचालक तुला घरी बसवणार होते, मीच हातापाया पडले. ड्रॅगनमागच्या खड्ड्यात बसून तू पत्र्याच्या कर्ण्यातून गातोस. तुझ्या कानात तुझाच आवाज घुमतो, बाहेर काय पोचतं ते तुला कळत नाही. तेव्हापासून दर खेळाआधी मी तुझ्या कर्ण्यात लोकरीचा बोळा कोंबत आले, आणि पलीकडच्या विंगेत दुसरा कर्णा घेऊन कोरसमधला कोर्बिनियान गात आला. झाडूवालीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. राजधानीच्या लोकांनी वसंतात येऊन ऐकला तो आवाजही त्याचाच.

जुलैत तुला राजधानीचं आमंत्रण आलं. ऑगस्टमध्ये कोर्बिनियान जिन्यात ड्रॅगनच्या दोन ओळी गुणगुणताना तुला सापडला आणि तू त्याला कामावरून काढायला लावलंस. तू जाणार म्हटल्यावर संचालकांनाही आता त्याची गरज नव्हती. "मेंढरानं फुत्कार टाकू नये," असं तू बिअरच्या टेबलावर म्हणालास. सगळे हसले, पण तुझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी तुझ्या तोंडावर सगळं सांगायला निघाले होते. कोर्बिनियाननंच अडवलं. "नको ओटिलिएबाई, कळलं तर म्हातारा खचेल." तीन मुलींचा बाप आता स्टेशनवर कोळशाची पोती वाहतो. परवा बोलला तेव्हा त्याचा आवाज धुळीनं चरचरत होता. तो आवाज आता परत येणार नाही.

मी सकाळच्या गाडीनं इथे आले आहे. हे पत्र तुला बरोबर तीनला द्यावं, असं हॉटेलच्या दरवानाला बजावलंय. पडदा पाचला. राजघराण्यातली मंडळी येणार आहेत, तुझं नाव फलकावर लागलंय आणि दुसऱ्या कर्ण्यापाशी कुणी नाही. महिन्याभरापूर्वी कळवलं असतं तर तू आजारपणाचं सोंग आणून सुटला असतास. तसं पत्र मी लिहिलंही होतं, पण टाकलं नाही. आज लिहिलं, कारण आता तुला गावंच लागेल, आणि गाताना पहिल्यांदाच ठाऊक असेल की लोकांना काय ऐकू येतंय.

तुझीच,
ओटिलिए