सतरा नंबरची वही

सिस्टर, आज बुधवार. दुपारचा एक वाजून गेलाय, मुली मैदानातल्या कडुलिंबाखाली डबे खातायत आणि मी तुमच्या खुर्चीत बसले आहे. खुर्ची माझी नाही, गैरसमज नको. मी इथली पर्यवेक्षिका. आताच्या मुख्याध्यापिका सिस्टर आठवडाभर पुण्याला गेल्यात, म्हणून ऑफिसची किल्ली माझ्याकडे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही, किंवा वाटलं तेव्हा मी दुसरं काहीतरी काम काढलं. आज काम समोर पडलंय आणि मी लिहीत बसलेय. ज्या वहीत लिहितेय ती तुम्ही ओळखाल. भूगोलाची, दोनशे पानी, कव्हरवर माझ्याच अक्षरात 'नववी अ, सतरा नंबर'. मागची निम्मी पानं कोरी राहिली होती.

नववी अ मधली एक मुलगी सोमवारपासून येत नाही. आज तिसरा दिवस. हजेरी आता मोबाइलवर लागते, बोट टेकवलं की मुलगी हजर. पण तुमची पद्धत मी मोडली नाही. बाकावरची शेजारीण उठून उभी राहते आणि गैरहजर मुलीच्या वतीनं कारण सांगते. नव्या शिक्षिका हसतात, म्हणतात, मॅडमचं जुनं खूळ. असू दे. तर सकाळी तिची शेजारीण उठली आणि म्हणाली, "ताप आलाय मॅडम. उद्या येनार हाय." सोमवारी हेच, मंगळवारी हेच. तीन दिवस एकच वाक्य, आणि तिन्ही दिवस नजर बाकावरच्या कंपासपेटीवर. हे वाक्य माझं आहे, सिस्टर. तीस वर्षांपूर्वी मी ते याच वर्गात, खिडकीकडच्या रांगेत उभं राहून म्हटलं होतं.

तुमचा नियम सगळ्या भवानी पेठेला पाठ होता. मुलगी दोन दिवस आली नाही तर चालायचं, तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही दारात. हातात तिची वही, शेजारणीनं तीन दिवसांचा अभ्यास उतरवून भरलेली. वही द्यायला आलेल्या बाईला कुणी परत कसं पाठवणार? यंत्रमागाच्या खडखडाटात तुम्ही पायरीवर बसायचात आणि वहीचं पान न् पान मुलीच्या आईला दाखवायचात. आईला वाचता येत नसायचं, पण ती पदर सावरून बघायची. आमच्या बोळातल्या बायका चेष्टा करायच्या, "तीन दिस झाले, आता पांढऱ्या साडीची बाई येतीय बघ, घर झाडून ठेवा." हसायच्या, पण घर झाडायच्या. किती पोरी त्या एका वहीमुळे परत आल्या. त्यांतली एक आज सिव्हिलमध्ये नर्स आहे, एक पोलिसात. माझे वडीलही म्हणाले होतेच की, "साळंत बसून भाकऱ्या थापनार हाय का ही?" तुम्ही त्यांच्यासमोर माझं निबंधाचं पान धरलंत आणि म्हणालात, "हे वाचा. नाही वाचता येत? म्हणून ती शाळेत पाहिजे." ते रागानं लाल झाले होते, पण दुसऱ्या दिवशी मला सोडायला फाटकापर्यंत आले.

फक्त तापाला तुम्ही सूट द्यायचात. त्यामागची गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगितली होती. सोलापुरात नव्या असताना तुम्ही एका घरी गेलात, दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधलेले. तुम्हाला वाटलं सण आहे. चपलांसकट आत गेलात. आत पोराला बाया आलेल्या, कांजिण्या, आणि त्या घरात बाहेरचं पाऊल चालत नाही. म्हातारी कपाळाला हात लावून बसली आणि पोराची आई, स्वतः तापानं फणफणलेली, तुमच्यासाठी चहा ठेवायला उठली. तेव्हापासून तुम्ही ठरवलंत, शेजारणीनं ताप म्हटलं तर सातव्या दिवसाशिवाय जायचं नाही. "आजारी घराला पाहुणा नको," तुम्ही म्हणायचात. सगळ्या पोरींना हे माहीत होतं. मलाही.

सतरा नंबर माझी शेजारीण. तिच्या आईची आणि माझ्या आईची बसायची जागा एकच, विडीच्या कारखान्यात सुपाला सूप लावून. घरात आम्ही तेलुगू, त्या कानडी-मराठी, मैंदर्गीकडच्या. डबा आम्हा दोघींकडे नसायचा. तुम्ही कधी विचारलं नाहीत. मधल्या सुट्टीत हाक यायची, "लसूण सोलायला दोन मुली पाहिजेत," आणि आम्ही कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात जायचो. चार पाकळ्या सोलून होईपर्यंत समोर भात आणि खोबरं घातलेलं सांबार. वर्षभर आम्हाला वाटत होतं की आम्ही कामाचं खातोय. ती गरम भातावर हात धरून बसायची, वाफ घ्यायची, मग जेवायची. तिचा पहिला नंबर पाचवीपासून कुणी हलवला नव्हता. माझा दुसराही.

एकदा ती खरोखरच दोन दिवस आजारी होती आणि मी तिची वही घाईघाईत भरली. तुम्ही पान बघितलंत आणि सगळ्या वर्गासमोर मला उभं केलंत. "स्वतःच्या वहीत कसंही लिही. दुसऱ्याच्या वहीत अक्षर चांगलं काढायचं. ती तिथे नाही, तू तिच्या जागी आहेस." मी घरी जाऊन रडले. ते पान परत लिहिलं. या वहीत ते आहे, अकरावं.

शिमग्याच्या आधीचा शनिवार. तुम्ही त्या दिवशी नव्हतात, पुण्याला गेला होता. अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर ती मला नळापाशी घेऊन गेली. चेहरा शांत होता, तेच मला अजून आठवतं. म्हणाली, "मला मैंदर्गीला नेनार हाईत. शुक्रवारी लगीन हाय. मामासंगट." मी म्हटलं, "मग?" दुसरं काय म्हणायचं ते सुचलंच नाही. ती म्हणाली, "सोमवारी सिस्टर येतील. त्यांना सांग. त्या आल्या की आई ऐकतीय. विसरू नको की." मी मान हलवली. तिनं वही माझ्या हातात दिली आणि ती गेली. ओढणीचं टोक ओलं झालं होतं, ते पिळत पिळत गेली.

रविवारी तिची आई आमच्या घरी आली. पानात बांधलेले दोन बुंदीचे लाडू माझ्यासमोर ठेवले. "तू तिची शेजारीन. हजेरीला ताप म्हन. चार दिस की, पुढं काय न्हाय. माझ्याच भावाला देतीय, परक्याला न्हाय. त्या बाईनं लगीन मोडलं तर आमी तोंड कुटं दाखवायचं? तुझी आई कुटं बसनार?" माझी आई चुलीकडे तोंड करून बसली होती. वळली नाही. लाडू मी खाल्ले, सिस्टर. गोड होते.

सोमवारी तुम्ही हजेरी घेतलीत. "सतरा?" मी उठले. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. त्या क्षणी शब्द दोन्हीकडून तयार होते, तिचेही आणि तिच्या आईचेही. "ताप आलाय सिस्टर. उद्या येनार हाय." तुम्ही मान डोलावलीत. तुम्हाला शंकाही आली नाही, कारण मी कधी खोटं बोलले नव्हते. मंगळवारी पुन्हा, बुधवारी पुन्हा. बुधवारी दुपारी तुम्ही गेला असता तर घराला कुलूप दिसलं असतं, आणि शुक्रवारला दोन दिवस होते. मैंदर्गी काही लांब नाही. मी रोज तिची वही भरत होते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर अक्षर त्या आठवड्यातलं आहे. आता उघडून बघितलं, दख्खनच्या पठाराचा नकाशा, नद्या निळ्या पेन्सिलीनं, एकसुद्धा खाडाखोड नाही. बघवत नाही.

सातव्या दिवशी तुम्ही मोसंबी घेऊन गेलात आणि पिशवी तशीच घेऊन परत आलात. मला काही विचारलं नाहीत. तुम्हाला वाटलं, मलाही तिच्या आईनं फसवलं. तुम्ही मैंदर्गीलाही गेलात, पण तोवर तिच्या गळ्यात डोरलं होतं आणि म्हणे तिनं तुम्हाला पाणी आणून दिलं आणि आत निघून गेली. दीड वर्षानं, आमची दहावी होऊन मी इथेच अकरावीला असताना, ती बाळंतपणात गेली. बाळही गेलं. तुम्ही वर्गात येऊन सांगितलंत, "मी ताप खरा मानला. चूक माझी आहे." शाळेतल्या सगळ्या मोठ्या मुली रडल्या. मीही रडले, आणि माझं रडणं खोटं नव्हतं, एवढं तरी माना. त्या दिवसापासून तुम्ही तापाची सूट बंद केलीत. मरेपर्यंत दर वर्षी नववीच्या पोरींना तुम्ही तीच गोष्ट सांगत राहिलात, माझी चूक, माझी चूक. मी शिक्षिका म्हणून इथे लागले तेव्हाही मागच्या बाकावर बसून ऐकली. तोंड उघडलं नाही.

दहावीला मी शाळेत पहिली आले. तुम्ही तुमच्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलंत. पट्टा तीनदा बदलला, घड्याळ चालू आहे. आता त्यात पावणेदोन झालेत.

सकाळी हजेरीनंतर मी त्या शेजारणीला ऑफिसात बोलावलं. पाणी दिलं. घेतलं नाही. मी विचारलं, "ताप किती आहे?" "लई हाय." "डॉक्टर कोण?" तिनं दाराकडे बघितलं. "घरी आहे का ती?" तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "मोहोळला नेलंय. तितं मावशी हाय." मी म्हटलं, "तापातल्या पोरीला मोहोळला कशाला नेतील, बाळ?" ती एकदम उभी राहिली आणि म्हणाली, "मला काय म्हाईत न्हाय मॅडम. मी फकस्त सांगितलं." मग वर्गात गेली. खिडकीतून मला ती दिसत होती. जाऊन बसली, शेजारची रिकामी जागा हातानं पुसली आणि दप्तर तिथे ठेवलं.

मी मुलांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. तिकडची मुलगी सभ्य होती. नाव, पत्ता, वय, सगळं विचारलं. शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमची खात्री आहे ना? कुणी सांगितलं तुम्हाला लग्न आहे म्हणून?" आणि मी गडबडले. कुणीच सांगितलेलं नाही. मला सांगितलं गेलंय ते एवढंच की ताप आहे. मी म्हटलं, "खात्री अशी नाही. चौकशी करून परत करते." फोन ठेवला, कपाट उघडलं, ही वही काढली. बाहेर रस्त्यावर मांडवाच्या बांबूंनी भरलेला एक टेम्पो केव्हाचा उभा आहे. लग्नसराई आहे, टेम्पो दिसणारच, त्यात काही नाही. तरी मी दोनदा उठून बघितलं. शेजारचे माग आज बंद आहेत, बुधवारी वीज जाते, आणि एवढी शांतता या शाळेला शोभत नाही.

फोन ठेवल्यावर आणखी एक गोष्ट केली. नववी अ चा सहामाहीचा निकाल काढून बघितला. न आलेली मुलगी पहिली आहे. तिच्या वतीनं उठून उभी राहणारी दुसरी आहे, चार गुणांनी. त्या पोरीच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. तिलाही कुणी लाडू आणून दिले असतील, धाक घातला असेल. ती चौदा वर्षांची आहे आणि मी तिच्यावर माझं पाप लादणार नाही. पण ते आकडे मी पुन्हा पुन्हा बघितले.

कारण धाक मला नव्हता, सिस्टर. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले, तिची आई, माझी आई, कारखान्यातली जागा. नवऱ्यालाही तेच सांगितलं, तो म्हणाला, लहान होतीस. पण सोमवारी तुम्ही "सतरा?" म्हणालात आणि मी उठले, तेव्हा मला तिच्या आईची आठवणसुद्धा नव्हती. फळ्याच्या बाजूला नंबरांचा तक्ता लागायचा ना, मी तो बघत होते. तिच्या नावाखाली माझं नाव. मला वाटलं, आता वरचं जाईल. एवढंच वाटलं, अर्धा क्षण, आणि तोंडातून ताप निघाला. नंतरचे दोन दिवस फक्त तोच शब्द पुन्हा म्हणायचा होता.

हे तुम्ही जिवंत असताना मी कधी सांगू शकले नसते. कबरीपाशीही नाही, तिथे मी दर नोव्हेंबरला फुलं ठेवते आणि घाईनं निघते. आत्ता लिहू शकले, कारण हे कुणी वाचणार नाही. वही परत कपाटात जाईल.

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. आधी फोन. या वेळी तिनं खात्री आहे का म्हणून विचारलं तर मी हो म्हणेन, आणि कशावरून विचारलं तर, हा ताप मी ओळखते, असं सांगेन. मग त्या पोरीला परत बोलावेन, समोर बसवून भूगोलाची पहिली पानं दाखवेन, आणि तिच्याआधी मी बोलेन. तीस वर्षांत हे कुणालाच सांगितलं नाही. आता पहिल्यांदा सांगायचं ते एका नववीतल्या मुलीला, आणि मोहोळच्या गाडीला मला अजून तास दीड तास आहे.